उजवा घोटा

कोल्हापुरात एका दवाखान्याच्या प्लास्टर रूममध्ये मी ३१ वर्षं काम केलं. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की सोमवारी सकाळी बाहेरच्या बाकावर पेठांतली पोरं दिसायचीच. सुजलेला घोटा, त्यावर वाळलेला हळद-तुरटीचा लेप, सोबत तालमीतले दोघं-तिघं. एक्स-रेचं पाकीट माझ्या हातात द्यायच्या आधीच प्रश्न यायचा, "काका, पुढची मॅच खेळता येईल न्हवं?" कापसाचं पॅडिंग गुंडाळून पीओपीची पट्टी पाण्यात बुडवेपर्यंत दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात मी त्यांना एका डच सेंटर फॉरवर्डची गोष्ट सांगायचो. आता निवृत्त झालोय, हाताशी वेळ आहे, म्हणून तीच गोष्ट इथे पहिल्यापासून सांगतो.

मार्को व्हॅन बास्टनला मी पहिल्यांदा पाहिलं ते २४ जून १९९० च्या रात्री. इटलीतला वर्ल्ड कप दूरदर्शनवर लागायचा. त्या दिवशी आपल्याकडे रात्री साडेआठला ब्राझील-अर्जेंटिना सामना होता. कोल्हापुरात या दोन देशांच्या नावानं गल्ल्या वाटलेल्या असतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कनिजियाच्या एका गोलनं ब्राझील हरला आणि आमच्या तालमीतली निम्मी माणसं न जेवता घरी गेली. उरलेले आम्ही रात्री साडेबाराच्या पश्चिम जर्मनी-नेदरलँड्स सामन्यासाठी थांबलो. वर्तमानपत्रांतून ज्याच्याबद्दल एवढं वाचलं होतं, तो ६ फूट २ इंचांचा उंच, सडपातळ माणूस त्या रात्री काहीच करू शकला नाही. नेदरलँड्स २-१ हरलं. त्या स्पर्धेत तो चार सामने खेळला आणि एकही गोल केला नाही. तरीसुद्धा मला एक दृश्य लख्ख आठवतं. गोलकडे पाठ करून उभा असलेला तो, मागून अंगावर आलेला बचावपटू, आणि तेवढ्या चिंचोळ्या जागेत पायाच्या आतल्या कडेनं चेंडू अलगद थोपवणं. उंच माणसाची पावलं इतकी हलकी पडताना मी पाहिली नव्हती. इटलीत त्याला 'उट्रेख्टचा हंस' म्हणायचे. ते नाव का पडलं, हे तेवढ्या एका क्षणात समजलं.

उट्रेख्ट म्हणजे नेदरलँड्सच्या मधोमध असलेलं जुनं शहर. ३१ ऑक्टोबर १९६४ ला मार्को तिथे जन्मला. वडील योप स्वतः फुटबॉल खेळलेले, त्यामुळे घरात चेंडू आधीपासून होताच. उट्रेख्टमधल्या लहान क्लबांतून खेळत तो १९८१ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या आयॅक्स क्लबात गेला. ३ एप्रिल १९८२ ला नायमेखनच्या एनईसी संघाविरुद्ध १७ वर्षांच्या या पोराला मैदानात उतरवलं गेलं, आणि त्याच्यासाठी बाहेर आला तो योहान क्रायफ. डच फुटबॉलमधला सगळ्यांत मोठा माणूस. पोरानं त्याच सामन्यात गोलही केला.

पुढची पाच वर्षं म्हणजे गोलांचा पाऊस. आयॅक्सकडून लीगच्या १३३ सामन्यांत १२८ गोल. सलग चार हंगाम डच लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच. १९८५-८६ च्या हंगामात २६ सामन्यांत ३७, आणि त्यातले सहा स्पार्टा रॉटरडॅमविरुद्धच्या एकाच सामन्यात. युरोपातल्या सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा सोनेरी बूट त्या वर्षी त्याच्याकडे गेला. पण आकड्यांवरून हा माणूस कळत नाही. ९ नोव्हेंबर १९८६ ला डेन बॉशविरुद्ध त्यानं मारलेली बायसिकल किक पाहा. क्रॉस त्याच्या मागे पडतोय. दुसरा कोणी छातीवर घेऊन वळला असता. हा गोलकडे पाठ असतानाच हवेत आडवा होतो, आणि चेंडू वरच्या कोपऱ्यात.

त्यानंतर महिनाभरात, ७ डिसेंबर १९८६ ला, घोट्याची गोष्ट सुरू झाली.

बाकावरची पोरं इथे नेहमी म्हणायची, "बॅकनं पाय मोडला असंल." जगभर लोक हेच समजतात, मीही बरीच वर्षं समजत होतो. पण पहिली दुखापत त्याची त्यानंच करून घेतली. ग्रोनिंगनविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढायला त्यानं स्वतः घसरत टॅकल केला. स्ट्रायकरचं ते कामच नाही. त्या टॅकलमध्ये त्याचा उजवा घोटा दुखावला.

घोट्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण गोष्टीचं मर्म तिथेच आहे. सगळ्या अंगाचा भार पेलणारा हा सांधा, पण दोन हाडांमध्ये जी गुळगुळीत गादी असते, ज्याला डॉक्टर कूर्चा म्हणतात, तिची जाडी अगदी थोडी. तिला रक्तपुरवठा नसतो. कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडलं तर सहा आठवड्यांत धरायला लागतं, गादी मात्र खरवडली की परत उगवत नाही. सुरुवातीला एक्स-रेवर काही दिसतही नाही. सूज उतरते, क्रेप बँडेज बांधून चालता येतं आणि माणसाला वाटतं, बरा झालो. आत मात्र खडबडीत जागा दुसऱ्या जागेवर घासत राहते. फुटबॉलच्या बुटाला खाली स्टड असतात. ते मातीत रुतले की पाऊल जागेवर अडकतं आणि अंग वळतं. हा सगळा पीळ घोट्यावर येतो. आणि सगळ्यांत जास्त वळतो कोण? गोलकडे पाठ करून चेंडू घेणारा सेंटर फॉरवर्ड.

क्रायफ तेव्हा आयॅक्सचा प्रशिक्षक होता. त्याच्यात आणि मार्कोत एक तोडगा ठरला: सराव कमी करायचा, लीगचे काही सामने सोडायचे, पण युरोपातले सामने खेळायचे. पोरगा खेळला. १३ मे १९८७ ला अथेन्समध्ये कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात लोकोमोटिव्ह लाइपझिगविरुद्ध एकच गोल झाला आणि तो त्याच्या हेडरनं झाला. आयॅक्सनं कप जिंकला. क्रायफ हा माझ्या लेखी फुटबॉल जगातला सगळ्यांत बुद्धिमान माणूस, आणि मार्कोवर त्याची माया होती याबद्दल मला शंका नाही. तरी तो तोडगा चुकीचा होता असं माझं ठाम मत आहे. २२ वर्षांच्या पोराला थांबवायचं काम मोठ्या माणसाचं असतं. पोरगा स्वतः थांबत नाही.

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाहीये. १९९२ मध्ये पेठेच्या संघातून खेळताना माझ्या उजव्या घोट्यावर मागून टॅकल बसला. अंतिम सामना तीन दिवसांवर होता. एका जाणत्या माणसानं घोटा चोळून दिला, वर घट्ट पट्टी बांधली आणि म्हणाला, "फुडं होऊन खेळ, काय होत न्हाई." मी खेळलो. आम्ही जिंकलो, गुलाल उधळला, मला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. तो माझा शेवटचा धड सामना. आज जिना उतरताना मी आधी उजवा पाय टाकतो. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांचे घोटे बांधणारा मी त्या दिवशी स्वतःचा वाचवू शकलो नाही, म्हणून व्हॅन बास्टनचा राग मला कधी आला नाही. त्याचं सगळं मला समजत होतं.

१९८७ च्या उन्हाळ्यात तो मिलानला गेला. उद्योगपती बेर्लुस्कोनीनं आदल्या वर्षी क्लब विकत घेतलेला, आरिगो साक्की नवा प्रशिक्षक, सोबतीला देशबांधव रुड गुलिट. पहिल्याच हंगामात घोट्यावर शस्त्रक्रिया झाली आणि बरेच महिने तो बाहेर बसला. लीगमध्ये अवघे ११ सामने आणि ३ गोल. मिलान विजेता ठरला खरा, पण त्यात याचा वाटा थोडाच. म्हणून १९८८ च्या जूनमध्ये पश्चिम जर्मनीत युरो स्पर्धा सुरू झाली, तेव्हा प्रशिक्षक रिनस मिचेल्सनी ९ नंबरची जर्सी जॉन बॉसमनला दिली आणि व्हॅन बास्टनच्या वाट्याला १२ नंबर आला. राखीव खेळाडूचा नंबर. कोलोनला सोव्हिएत संघाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तो बदली म्हणून उतरला आणि संघ १-० हरला.

दुसरा सामना इंग्लंडशी, ड्युसेलडॉर्फला. त्यात तो पहिल्यापासून खेळला. टोनी ॲडम्स नावाचा २१ वर्षांचा धिप्पाड बचावपटू त्याच्या पाठीला चिकटून होता. पहिल्या गोलच्या वेळी व्हॅन बास्टन त्याच्या अंगावरून असा वळला की ॲडम्स रिकाम्या जागेला भिडला. त्या दिवशी त्यानं तीन गोल केले. हॅम्बर्गच्या उपांत्य सामन्यात यजमान जर्मनीशी १-१ बरोबरी असताना, सामना संपायला दोन-तीन मिनिटं उरली होती. युर्गन कोहलरनं जीव खाऊन पाय पुढे टाकला. त्या पायाच्या वीतभर अलीकडून व्हॅन बास्टननं घसरत चेंडू ढकलला आणि तो दूरच्या कोपऱ्यात गेला.

मग २५ जून १९८८, म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम. डच माणसाला या मैदानाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. १९७४ च्या वर्ल्ड कपचा अंतिम सामना क्रायफचा संघ इथेच जर्मनीकडून २-१ हरला होता. तेव्हाही प्रशिक्षक मिचेल्सच होते. आता समोर पुन्हा सोव्हिएत संघ. गुलिटच्या हेडरनं १-० झालेलं, आणि ५४ वं मिनिट.

हा गोल मी पहिल्यांदा १९९० नंतर एका मित्राच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. पुढे मोबाइलवर इतक्या वेळा पाहिला की प्रत्येक पाऊल पाठ झालं. डावीकडून ३७ वर्षांचा आर्नोल्ड म्यूरेन उंच, लांब क्रॉस टाकतो. खरं तर तो फसलेला क्रॉस वाटतो. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून पार पलीकडे निघालेला. उजव्या बाजूला व्हॅन बास्टन धावत येतोय. गोल तिथून जेमतेम फटीएवढा दिसत असणार, आणि त्या फटीत उभा रिनात दासाएव, त्या काळातल्या सर्वोत्तम गोलकीपरांपैकी एक. व्हॅन बास्टननं नंतर सांगितलं की तो दमलेला होता, चेंडू थांबवून बचावपटूंशी झुंजण्यापेक्षा सरळ मारून टाकणं सोपं वाटलं. तो डावा पाय रोवतो, डावा खांदा थोडा खाली जातो, आणि खांद्याच्या उंचीवरून उतरणाऱ्या चेंडूला जमिनीवर न पडू देता उजवा पाय भेटतो. मी इथे नेहमी चित्र थांबवतो. गुडघा चेंडूच्या वर आहे, पाऊल ताणून सरळ केलेलं आहे, घोटा कुलपासारखा घट्ट. दीड वर्षापूर्वी दुखावलेला तोच घोटा. चेंडू दासाएवच्या डोक्यावरून दूरच्या कोपऱ्यात उतरतो. बाकावर मिचेल्स हातानं तोंड झाकतात, जणू आपण काय पाहिलं हे त्यांनाही कळत नाही.

सामना २-० संपला. डच पुरुष संघानं जिंकलेली ती पहिली मोठी स्पर्धा, आणि आजवरची एकमेव. पाच गोल करून व्हॅन बास्टन स्पर्धेत पहिला आला.

त्यानंतरच्या साडेचार वर्षांत मिलानला जे दिवस आले, तसे फार थोड्या क्लबांच्या नशिबी येतात. फ्रँक रायकार्डही येऊन मिळाला. युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या बॅलन डी'ऑरमध्ये १९८८ ला पहिले तिघं मिलानचे तीन डच: व्हॅन बास्टन, गुलिट, रायकार्ड. १९८९ मध्ये बार्सिलोनात स्टेआवा बुखारेस्टला ४-० हरवून युरोपियन कप, दोन गोल गुलिटचे, दोन याचे. १९९० मध्ये व्हिएन्नात पुन्हा कप. रायकार्डच्या गोलला पास याचा. बॅलन डी'ऑर त्याला १९८९ आणि १९९२ मध्येही मिळाला. तोवर तीनदा तो मान फक्त क्रायफ आणि प्लातिनीला मिळालेला होता. १९९१-९२ मध्ये प्रशिक्षक कापेलोच्या हाताखाली मिलान इटलीच्या लीगमध्ये ३४ पैकी एकही सामना हरला नाही, आणि त्यात व्हॅन बास्टनचे २५ गोल होते.

हे गोल कोणाविरुद्ध, ते लक्षात घ्या. इटली म्हणजे बचावाची पंढरी. तिथला बचावपटू स्ट्रायकरच्या सावलीसारखा फिरायचा. पहिल्या दहा मिनिटांत मागून एक सणसणीत लाथ घालून 'मी इथे आहे' असं कळवायची रीतच होती. रेफरी फ्री किक द्यायचा, फार तर पिवळं कार्ड. मागून येणारा पाय स्ट्रायकरला दिसत नाही, म्हणून अंग सावरता येत नाही. नेमकं त्याच वेळी त्याचं वजन एका पायावर असतं. अशा वेळी धडधाकट घोटासुद्धा टिकत नाही, मग आतून झिजत चाललेल्याची काय कथा. १९९४ च्या वर्ल्ड कपला फिफानं रेफरींना मागून होणाऱ्या टॅकलबद्दल कडक सूचना दिल्या. १९९८ मध्ये तर नियमातच आलं की प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेला धोका होईल असा मागून केलेला टॅकल हा गंभीर फाऊल, म्हणजे थेट लाल कार्ड. त्या नियमावर व्हॅन बास्टनचं नाव लिहिलेलं नाही. पण आज कुठलाही स्ट्रायकर गोलकडे पाठ करून निर्धास्तपणे चेंडू घेतो, तेव्हा मला हाच आठवतो. त्याला स्वतःला त्या नियमाचा काहीच उपयोग झाला नाही.

२५ नोव्हेंबर १९९२ ला सान सिरोवर गोटेबोर्ग संघाविरुद्ध त्यानं चारही गोल केले. चॅम्पियन्स लीग हे नाव त्याच वर्षी आलं होतं, आणि त्यात एका सामन्यात चार गोल करणारा तो पहिला. त्यातला एक पुन्हा बायसिकल किक. वय २८. पाहणाऱ्याला वाटलं असेल, हा अजून सात-आठ वर्षं खेळेल. महिन्याभरात तो स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरित्झला शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता.

घोटा उघडून आतले तुकडे काढता येतात, टोकं घासता येतात. गेलेली गादी परत घालता येत नाही. प्रत्येक वेळी सांधा थोडा अधिक उघडा पडतो. आमच्या दवाखान्यात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पेशंट डॉक्टरांकडे नव्हे, माझ्याकडे बघायचा. खरं काय ते प्लास्टरवाला सांगेल अशी आशा असते.

वसंतात तो परतला. २६ मे १९९३ ला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मार्सेशी होता, आणि मैदान म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम. पाच वर्षांपूर्वी जिथे ती व्हॉली मारली, तेच गवत. मार्सेनं बचावपटू बोलीच्या हेडरवर १-० असा सामना जिंकला. संपायला चार-पाच मिनिटं असताना व्हॅन बास्टनला बाहेर बोलावलं गेलं. हा त्याचा शेवटचा सामना, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नाही.

पुढची दोन वर्षं शस्त्रक्रिया, व्यायाम, आशा, पुन्हा वेदना. त्या रात्रींबद्दल त्यानं बऱ्याच वर्षांनी 'बास्ता' या आत्मचरित्रात लिहिलं. २०१९ मध्ये ते डच भाषेत आलं. बास्ता म्हणजे इटालियनमध्ये 'पुरे'. पलंगावरून बाथरूमपर्यंत तो रांगत जायचा. जगातला सर्वोत्तम स्ट्रायकर, तिशी गाठायच्या आत, अंधारात हातापायांवर. पोरांना गोष्ट सांगताना मी इथवर आलो की बाकावरचा आवाज बंद व्हायचा.

२४ मे १९९५ ला व्हिएन्नात आयॅक्सनं मिलानला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. गोल १८ वर्षांच्या पॅट्रिक क्लायवर्टचा. ज्या क्लबानं व्हॅन बास्टन घडवला, त्याच क्लबाच्या पुढच्या उंच, हलक्या पावलांच्या पोरानं त्याच्या मिलानला हरवलं. बर्गकॅम्प, क्लायवर्ट, पुढे व्हॅन निस्टलरॉय, व्हॅन पर्सी. या डच स्ट्रायकरांकडे पाहताना सगळ्यांनी आधी व्हॅन बास्टनशी तुलना केली. ते ओझं त्यांनी पेललं.

प्रशिक्षक म्हणून त्याच्याबद्दल मला फार सांगावंसं वाटत नाही. २००४ ते २००८ डच संघ त्याच्याकडे होता. युरो २००८ मध्ये इटलीला ३-० आणि फ्रान्सला ४-१ हरवलं, मग उपांत्यपूर्व सामन्यात रशियाकडून हार. पुढे त्या कामाचा ताण त्याच्या शरीराला सोसेना आणि त्यानं मुख्य प्रशिक्षकपद सोडलं. घोट्याचं म्हणाल तर, त्याची हाडं एकमेकांना कायमची सांधून टाकायची शस्त्रक्रिया त्यानं १९९६ मध्ये करून घेतली होती. सांधा हलायचा थांबतो, तेव्हा दुखणं थांबतं. चालता येतं. पाऊल मात्र पुन्हा कधी ताणून सरळ होत नाही.

आता पुन्हा थोडं मागे, निरोपाच्या दिवसांकडे. १७ ऑगस्ट १९९५ ला त्यानं खेळ थांबवत असल्याचं जाहीर केलं. वय ३०. इटलीच्या लीगमध्ये १४७ सामने, ९० गोल. देशासाठी ५८ सामने, २४ गोल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सान सिरोवर मिलान-युव्हेंटस सामना होता. त्याआधी तो एकटा मैदानात आला. जर्सी नाही, गुलाबी शर्ट आणि वर सुएडचं जाकीट, जसा माणूस घरून निघतो तसा. हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत त्यानं हळूहळू धावत फेरी मारली. हजारो माणसं उभी होती. बाकावर बसलेला कापेलो रडत होता. ती चित्रफीत लागली की मी लोकांकडे बघत नाही, कापेलोकडेही नाही. मी त्याचे बूट बघतो, उजवं पाऊल जमिनीला कसं लागतंय ते बघतो. दिव्यांच्या उजेडात फेरी पुरी झाली. तो बोगद्यातून आत गेला, दोन्ही संघ बाहेर आले आणि सामना सुरू झाला.